सतरावी अन् अंगारकी

रतनबाईचा हात भादव्यात धरला आणि दिवाळी होऊन गेली तरी सुटला नाही. यंदा पावसानं मेंढरांची पार दैना केली होती. महिनाभर वाडग्यात चिखल, चिखलात उभी राहून मेंढरांची खुरं सडली. ऐंशी मेंढरं म्हणजे तीनशे वीस खुरं. एकेक मेंढरू पाडायचं, रतनबाईनं ते गुडघ्याखाली दाबून धरायचं, नवऱ्यानं, म्हाळूनं, चाकूनं खुरातली घाण कोरून काढायची, औषध लावायचं आणि सोडायचं. सोडलेलं मेंढरू चार पावलं लंगडत जाऊन पुन्हा चिखलातच उभं राहायचं. असं पंधरा-वीस दिवस चाललं. मग एका सकाळी पदर डोक्यावर घ्यायला म्हणून तिनं उजवा हात उचलला, तर तो कानापाशीसुद्धा पोचला नाही.

पहिले चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. पण केस विंचरायचे म्हटले की हात लागतो आणि चोळीची गाठ मारायची म्हटली की दोन हात लागतात. शेवटी सासूसमोर पाठ करून बसावं लागलं. तुळजाबाई सत्तरीची, पण बोटं चांगली चालणारी. ती सुनेची वेणी घाली आणि तोंडानं सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोले.

"ह्या वयात सुनंनं माझी फणी करावी, तर मीच हिची करायलेय. उलटा संसार हाय आमचा."

रतनबाईला लाज वेणीची नव्हती. तिला दिसत होतं ते पुढचं. कार्तिक सरला की कळप निघतो. रानात रब्बीचं उगवलं की मेंढराला गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. मग घोडीवर बिऱ्हाड लादायचं आणि पाऊस येईतो खाली नदीकाठानं फिरायचं. रोज संध्याकाळी नवं रान, रोज मेखा ठोकून जाळी उभी करायची आणि मेंढरं आत कोंडायची. म्हाळू एकटा मेंढरं राखील का जाळी लावील? बाईच्या हाताशिवाय हे काम होत नाही, हे म्हाळूलाही कळत होतं आणि घोडीलाही.

दोघं सरकारी दवाखान्यात गेले. तिथं गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला. भिंतीवर बोटं टेकायची आणि हळूहळू वर चढवत न्यायची. वस्तीवरची भिंत कुडाची. रतनबाईनं दोन दिवस बोटं चढवली, तिसऱ्या दिवशी शेणाचा पोपडा खाली आला, आणि सासूनं व्यायाम बंद केला.

"तुंबडी लावू हिला," तुळजाबाई म्हणाली. "माझी कंबर धरली व्हती तवा दस्तगीरच्या बापानं लावलीती. शिंगाची. तिसऱ्या दिशी मी पानी शेंदलं."

दस्तगीरचं घर तलवाड्याच्या अलीकडच्या फाट्यावर होतं. तीन पिढ्या तुंबडी लावणारं घर. म्हैस-बैलाच्या शिंगाचं टोक कापून, तोंडानं हवा ओढून, कातडीला बारीक चिरे देऊन नासकं रक्त काढायचं. दस्तगीर त्याला हिजामा म्हणे, लोक तुंबडी म्हणत. पण आता शिंगं भिंतीवर टांगलेली होती आणि त्यांच्याखाली त्याची मुलगी नुसरत पांढरा कोट घालून बसली होती. ती युनानीची डॉक्टरकी शिकून आली होती आणि आल्या आल्या तिनं बापाचा सगळा कारभार उलटापालटा केला होता. प्लास्टिकचे कप, एकदा वापरून टाकायचे. ब्लेड दर माणसाला नवं. हातात मोजे. आधी बीपी, आधी साखर, मग कप. दस्तगीरला मोज्यांची सवय व्हायला एक वर्ष लागलं. बोटांना कातडी कळत नाही म्हणून तो रुसून बसला होता म्हणे.

नुसरतनं रतनबाईच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. मशिनीत आकडा आला, दोनशे साठ.

"साखर कधीपासून हाय, मावशी?"

"दोन सालं. आशाताईनं सांगितलंतं."

"गोळी?"

"घेते की. याद आली की घेते."

नुसरतनं कपाळाला हात लावला. "असे खांदे साखरेनंच धरतात, मावशी. हिजाम्यानं दुखणं हलकं होईल, हात मोकळा व्हायला मदत होईल. साखर जाणार न्हाई. साखरेला गोळीच. रोज सकाळी, जेवनाच्या आधी. रोज म्हंजे रोज." मग तिचा आवाज जरा खाली आला. "गेल्या साली एका काकांनी हिजामा केला आन बरं वाटलं म्हनून बीपीची गोळी सोडली. अर्धं अंग गेलं त्यांचं. तवापासून मी कागद छापून घेतलाय. हा घ्या. ह्याच्यात लिहिलंय तसं करायचं."

कागद गुळगुळीत होता. वर चंद्रकोर आणि डॉक्टरचं चिन्ह शेजारी शेजारी. खाली नियम. पहिला बापाचा, दुसरा लेकीचा.

दस्तगीर बाजूच्या खाटेवरून म्हणाला, "पुढच्या मंगळवारी आना हिला. चांदाची सतरावी हाय. आमच्यात सतरावीला हिजामा लई गुणाचा. त्यात मंगळवार. असा दिन सालात एकादाच येतो."

तुळजाबाईनं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई! त्या दिशी संकष्टी. मंगळवारची. अंगारकी!"

"मग काय आक्का," दस्तगीर मोकळा हसला, "दोन्हीकडनं मेहेरबानी."

तिथून निघताना म्हाळूला दोन महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. परतीच्या वाटेवर तो रतनबाईशी जाळीच्या फाटलेल्या दोऱ्यांबद्दल बोलला, म्हणजे खाली जाण्याबद्दलच बोलला.

त्या आठवड्यात रतनबाईनं गोळी एक दिवस चुकवली नाही. डॉक्टरीण गोड बोलली होती, आणि गोड बोलणारं माणूस तिला फार भेटलेलं नव्हतं. एकट्या डाव्या हातानं ती कामं ओढत होती. म्हाळू खुरं कोरी, मेंढरू धरायला तुळजाबाई बसे, आणि दर दोन मेंढरांमागं एक हातातून निसटे. निसटलेलं मेंढरू पळालं की म्हाळू आईला काही बोलू शकत नसे, म्हणून रतनबाईकडे बघे.

सोमवारी संध्याकाळी म्हाळूनं कागद उजेडाला धरला आणि बोट ठेवून वाचला. "उपचाराच्या दिवशी उपाशीपोटी यावे. बीपी, शुगरच्या गोळ्या बंद करू नयेत."

"उपाशी म्हंजे उपाशी," तुळजाबाईनं निकाल दिला. "एका दिशी दोन देवाचं काम हाय. साबुदाना न्हाई, भगर न्हाई. पानी बी न्हाई."

"पान्याबिगर गोळी कशी गिळू, आत्याबाई?"

तुळजाबाईनं विचार केला. सून म्हणत होती त्यात तथ्य होतं आणि कागदावर गोळी बंद करू नका असं लिहिलं होतं. "गोळीपुरतं घे. एक घोट."

रतनबाईनं दिवेलागणीच्या आत अर्धी भाकर खाल्ली आणि हात धुतला. सकाळी पाचला उठून एका घोटाबरोबर गोळी घेतली. वाटीत तळाला पाणी उरलं होतं, ते तिनं तुळशीत ओतलं.

रतनबाईचा भाऊ सोमेश्वर पिकअप चालवायचा. त्याला गेवराईला सरकी पोचवायची होती. त्यानं सात वाजता तिघांना फाट्यावर उतरवलं. "बारापतूर येतो, दाजी," म्हणाला आणि निघून गेला.

दस्तगीरच्या अंगणात जत्रा भरली होती. एरवी दहा-पंधरा माणसं यायची, कुणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त बसावं लागत नसे. आज चाळीसच्या वर माणसं. सतरावीवाले मुसलमान, अंगारकीवाले हिंदू, आणि कुणाच्यातच नसलेले पण गुडघे दुखणारे. म्हाळूला नंबर मिळाला एकतीस. आतून मधूनमधून दस्तगीरचं बिस्मिल्ला ऐकू येई आणि मग नुसरतचा आवाज, "पुढचा नंबर." ज्याचा नंबर येई त्याला ती दारातल्या खुर्चीवर बसवी, बीपी बघे, साखर बघे आणि मग आत सोडी. ज्याचा नंबर आला नव्हता तो अंगणात होता आणि अंगणातल्याला कुणी काही विचारत नव्हतं.

आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. ऊन चढलं तरी गारवा होता. रतनबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हाळू मध्येच उठून फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊन आला आणि मिशा पुसून शेजारी बसला. बाईमाणसाचा उपचार, उपास तिचा, त्यानं काय म्हणून उपाशी राहावं? त्याच्या तोंडाचा चहाचा वास तिला आला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला घोटभर चा आना की. जीव घाबरायलाय. हात बगा कसा कापायलाय."

म्हाळूनं हात बघितला. कापत होता. तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि कपाळही ओलं झालं होतं. उन्हाचा घाम असेल म्हणून त्यानं वर बघून घेतलं, पण ते सावलीत बसले होते.

"कितवा चाललाय?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"बाविसावा."

"ऐकलं का? बाविसावा. आता कावून मोडती? कालधरनं काढलंस, आता घोटासाठी समदं मातीत घालती का?"

"नुसता घोट."

"रतने, तुझा हात न्हाई सुटला तर मला घरी बसावं लागंल. कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. तुळजाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली की कापतंय म्हणजे आतलं दुखणं हललंय, चांगलंच आहे. असं ती अशा खात्रीनं म्हणाली की शेजारच्या दोन बायांनीही मान हलवली.

अकराच्या सुमाराला पंचविसावा नंबर आत गेला. रतनबाई मघापासून जमिनीकडे टक लावून बसली होती. एकदम तिनं डोकं वर केलं आणि सासूकडे बघितलं. नजर ओळखीची नव्हती.

"ए तुळजे," ती म्हणाली.

अंगणातलं बोलणं थांबलं. तुळजाबाईला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

"ए तुळजे, म्हातारे! तू कावून बसलीस हितं? ऊठ. माझी भाकर खाल्लीस तू. मला म्हाईत हाय. ऊठ म्हनते ना!"

वीस वर्षं ह्या सुनेनं सासूसमोर आवाज चढवला नव्हता. सासूचं नावच काय, सासूच्या नावाचं गावसुद्धा ती तोंडातून काढत नसे. तुळजापूरला जायचं म्हटलं तरी "आईच्या गावाला" म्हणायची. आणि आता ती डोक्यावरचा पदर ओढून फेकत होती, शिव्या देत होती, शब्द एकमेकांत अडकत होते. दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "आज पिऊन आलीया का काय बाई." एक म्हातारी म्हणाली, "अंगात आलंय. अंगारकी हाय आज."

तुळजाबाईचं तोंड पांढरं पडलं होतं. ती फक्त म्हणाली, "म्हाळू, आरं म्हाळू..."

चाळीस माणसांत आपली बायको दारुडी ठरली, आपल्या आईचं नाव भर अंगणात घेतलं गेलं, एवढंच म्हाळूला त्या घटकेला दिसलं. तो उठला आणि त्यानं रतनबाईच्या कानाखाली ओढली. मेंढरं पाडणारा हात होता तो. आवाज झाला.

रतनबाई भिंतीवरून घसरली. आधी एका कुशीवर, मग पालथी. दात एकमेकांवर बसले आणि सगळं अंग ताठ होऊन गदागदा हलायला लागलं.

म्हाळू तसाच उभा राहिला. त्याचा हात अजून अर्धवट वर होता. मारली, एवढा एकच शब्द त्याच्या डोक्यात आला आणि डोक्यातच फिरत राहिला. मी मारली. मेंढराच्या मानेवर चुकून गुडघा पडला तर ते असंच करतं, हे त्याला आठवलं.

"पानी! पानी ओता तोंडात!" कुणीतरी तांब्या घेऊन धावलं.

"कुनी काही ओतू नका!" नुसरत दारातून ओरडत आली. "श्वासात जाईल! बाजूला व्हा, कुशीवर करा, कुशीवर!" तिनं रतनबाईला एका अंगावर वळवलं, मान सरळ केली, बोट धरून सुई टोचली. मशिनीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. "चौतीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग आत पळाली आणि हातात सलाईनची सुई आणि ग्लुकोजच्या नळ्या घेऊन आली. येता येता तिनं दारातल्या माणसाला १०८ ला फोन लावायला सांगितला.

शीर सापडेना. घामानं कातडी ओली, हात झटके खात होता. तिनं तुळजाबाईला हात दाबून धरायला सांगितला. ज्या सुनेनं दोन मिनिटांपूर्वी तिला म्हातारे म्हटलं होतं तिचं डोकं मांडीवर घेऊन तुळजाबाई मातीत बसली होती आणि दोन्ही हातांनी तिचा दंड दाबत होती. "रतन, ए माज्या बया, रतन," एवढंच म्हणत होती.

नेमका तेव्हाच सोमेश्वर आला. पिकअप रस्त्यातच सोडून तो धावत आत शिरला. त्यानं बहीण बघितली, तिच्या हातात खुपसलेली सुई बघितली, आणि दारात दस्तगीर बघितला. दस्तगीर आतल्या माणसाच्या पाठीवरचे कप तसेच सोडून गडबड बघायला आला होता. त्याच्या मोज्यांना रक्त होतं.

"काय केलं माझ्या बहिनीला?" सोमेश्वरनं त्याची गचांडी धरली. "रक्त काढून काढून मारली का? आँ? किती रक्त काढलं बे म्हाताऱ्या?"

"बेटा, मी हात बी न्हाई लावला—"

"मग हे रक्त कुनाचं हाय? काढा रे व्हिडिओ काढा! आज ह्यांचं दुकानच बंद करतो. डाक्टर म्हनं!"

चार-पाच फोन वर झाले. अंगणातले लोक नकळत दोन बाजूंना सरकले. सकाळपासून एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करणारी माणसं आता एकमेकांकडे बघत नव्हती. एकजण दगड उचलू की नको अशा बेतात खाली वाकला होता. नुसरतनं वर बघितलं नाही. ती नळीतलं ग्लुकोज हळूहळू आत सोडत होती आणि तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती का दुआ मागत होती कुणास ठाऊक.

म्हाळूला सगळं दिसत होतं. त्याला हेही दिसलं की आता त्यानं फक्त गप्प राहायचं आहे. कुणी त्याला विचारणार नव्हतं. रक्त दस्तगीरच्या हाताला होतं. रतनबाई गेली तर दस्तगीरनं मारली असं होईल, आणि जन्मभर तसंच राहील. ज्यांनी थप्पड बघितली त्यांना ती नवऱ्याची साधी थप्पड वाटली होती, ती ते विसरूनही गेले होते. हे त्याच्या मनात आलं, आणि आलं म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली.

"सोम्या, सोड त्याला," तो म्हणाला.

"दाजी, तुमी गप बसा."

"सोड म्हनतो!" म्हाळू पुढे झाला. तो गुडघ्यावर बसला आणि चाळीस माणसांसमोर त्यानं बायकोच्या पाठीवरचा पदर बाजूला केला. चोळीची गाठ सकाळी तुळजाबाईनं मारलेली, ती त्याला सुटेना, म्हणून त्यानं कापड वर ओढलं. पाठ कोरी होती. एक ओरखडा नव्हता, एक लाल वण नव्हता. "बग. आपला नंबरच आला न्हाई. कुनी हात लावला न्हाई हिला. मी लावला. मी मारली तिला कानाखाली. तिनं चा मागितला, मी दिला न्हाई. मी सोता पिऊन आलतो आन हिला न्हाई दिला."

सोमेश्वरची मूठ सैल झाली. दस्तगीरनं सदरा सारखा केला, रक्ताचे डाग त्यालाही लागले होते. आपण उघडा सोडून आलेला माणूस त्याला आठवला असावा. तो आत वळला.

"थप्पडीनं न्हाई झालं हे, दादा," नुसरत हळूच म्हणाली. तिनं रिकामी नळी बाजूला ठेवली. "साखर उतरली तिची. पार खाली. ती शिव्या देत होती ना, ते पन त्यानंच. मेंदूला काही पोचतच नव्हतं. डोकं ठिकाणावर राहात न्हाई मानसाचं."

म्हाळूला त्यातलं अर्धंच कळलं. पण त्याला एवढं कळलं की बायको भुकेनं बरळत होती आणि आपण तिला त्याबद्दल मारलं. तो पुन्हा खालीच बसला.

मिनिटभरानं रतनबाईचा जबडा सुटला. मग पापण्या हलल्या. तिनं डोळे उघडले तर वर एवढी तोंडं. तिनं आधी डावा हात फिरवून पदर शोधला.

"नंबर गेला का आपला?" तिनं विचारलं.

तुळजाबाईला हुंदका आवरला नाही. सोमेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रतनबाईला काही आठवत नव्हतं, शिव्या नाही, थप्पड नाही. गाल का दुखतोय म्हणून ती गालाला हात लावून बघत होती आणि म्हाळू ते बघत होता.

नुसरतनं तिला बसतं केलं, गुळाचं पाणी घोट घोट पाजलं. पुन्हा बोट टोचलं. "एकशे दहा. पन गोळीचा जोर अजून हाय अंगात. दुपारी परत उतरू शकते. अ‍ॅम्ब्युलन्स येतीय, दवाखान्यात एक दिवस ठेवावंच लागेल." मग तिनं म्हाळूला विचारलं, आणि विचारताना आवाजात राग होता. "एवढ्या साखरेच्या बाईला कालपासून उपाशी कुनी ठेवलं? पानी बी न्हाई, म्हनतात तुमच्या आई. कुनी सांगितलं तुमाला असं?"

म्हाळूनं खिशातून घडी काढली आणि तिच्या हातात दिली. "ताई, तुमीच. दोन्ही लिहिलंय. आमी दोन्ही केलं."

नुसरतनं स्वतःचा कागद वाचला. एरवी तिला तो पाठ होता. पहिली ओळ अब्बांची, ती त्यांनी त्यांच्या बापाकडून घेतलेली, त्या काळी गावात साखरेच्या गोळ्या नव्हत्या. दुसरी ओळ तिची, कॉलेजातून आणलेली, रोज सकाळी खाणाऱ्या माणसासाठी. दोन्ही ओळी खऱ्या होत्या. एकाच माणसानं एकाच सकाळी दोन्ही पाळल्या तर काय होईल, हे छापताना तिच्या मनातही आलं नव्हतं. किती छापले होते? पाचशे. किती वाटले? तिचा चेहरा असा झाला की तुळजाबाईनं मघाचा गुळाच्या पाण्याचा पेला तिच्यापुढे केला.

मग तिनं मान वर केली आणि अंगणाकडे बघितलं. भिंतीकडेला, झाडाखाली, पायरीवर, सकाळपासून बसलेली माणसं. काहींच्या हातात तोच कागद.

"ऐका सगळे," ती म्हणाली. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाली. "आज सकाळी साखरेची गोळी घेऊन, काही न खाता कोन कोन आलंय? हात वर करा."

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं चूक पकडली जातेय.

"घाबरू नका. चूक माझी हाय. मी लिहिलंय हे. हात वर करा, पाया पडते तुमच्या."

एक फेटेवाला म्हातारा होता, त्यानं हात वर केला. मग त्याच्या शेजारच्यानं. पायरीवरच्या बुरख्यातल्या बाईनं. अंगात आलंय म्हणणाऱ्या म्हातारीनं. मघा दगडासाठी वाकलेल्या माणसानं. हात एकेक करून वर जात होते. ज्याच्या कपाळावर घाम होता तो आता शेजाऱ्याला दिसायला लागला. म्हाळूचे डोळे त्या हातांवरून फिरत होते. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी चहा नको म्हणणारा बसला असेल, असं त्याला वाटलं.

नुसरत बोटानं मोजत होती. "सात... आठ... नऊ. नऊ जन. " ती सोमेश्वरकडे वळली. "दादा, हॉटेलातनं चा आना. गोड. सगळ्यांना. पळा."

"धा," म्हाळू म्हणाला.

"कुठंय?"

म्हाळूनं तिच्या मागं बोट दाखवलं. दवाखान्याच्या दारात दस्तगीर उभा होता. त्याच्या मागं खाटेवर एक माणूस पाठ उघडी टाकून वाट बघत बसलेला. दस्तगीरनं डावा हात खांद्यापर्यंत वर केला होता, शाळेतल्या पोरासारखा, लाजत. दाढीतून घाम ठिबकत होता.

"अब्बा? तुमी?"

"शेवटचा मानूस उठल्याबिगर मी कदी खाल्लंय का, बेटी?" तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द ओढून काढावा लागत होता. "आन गोळी तर तूच दिलीस की. सकाळी."

नुसरत त्याच्याकडे धावली. त्याच्या उजव्या हातात नवं ब्लेड होतं आणि तो हात कोपरापासून कापत होता.